जुनी जर्मन कूपे : हौस आणि हिशेब

‘हौसेला मोल नसते’ असे आपण सहज म्हणतो. बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्यास मात्र हौसेचेही मोल मोजावे लागते. काही काळापूर्वी आमच्या हैदराबाद येथील शाखेत एक सेवानिवृत्त अभियंता आपली सोळा लाखांची मुदत ठेव मोडण्यासाठी आले. कारण विचारताच त्यांनी खिशातून एक छायाचित्र काढून पुढे ठेवले. गर्द निळ्या रंगाची, दोन दारांची, २००८ सालची बीएमडब्ल्यू ६५०आय! “साहेब, प्रशिक्षणासाठी जर्मनीत होतो तेव्हापासून अशी गाडी मनात आहे. आता फक्त रविवारी चालवायची. बारा लाखांत मिळते आहे,” ते म्हणाले.

त्यांच्या या प्रश्नाच्या निमित्ताने जमवलेली माहिती वाचकांनाही उपयुक्त ठरावी, म्हणून हा लेखप्रपंच.

घसारा कशावर लागतो?

वाणिज्य शाखेचा प्रत्येक विद्यार्थी घसाऱ्याचा धडा शिकतो. आलिशान गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत वेगाने उतरते आणि एके काळी स्वप्नवत वाटणारी गाडी नव्या मध्यम मोटारीच्या भावात दारी येऊ शकते. परंतु येथेच एक फसगत दडलेली असते. घसारा गाडीच्या किमतीवर लागतो, तिच्या सुट्या भागांच्या किमतीवर नाही. बारा लाखांच्या या गाडीला ब्रेकच्या चकत्या, सेन्सर आणि टायर लागतात ते मूळ महागड्या गाडीचेच. शिवाय जर्मनीतील डिंगॉल्फिंग येथे तयार होऊन पूर्णतः आयात झालेल्या या गाडीचे अनेक भाग मागवून घ्यावे लागतात. थोडक्यात, खरेदीची किंमत ही केवळ प्रवेश फी होय.

यंत्राचे दुखणे

या मालिकेची निर्मिती २००३ ते २०१० या काळात झाली. ६५०आय मध्ये ४.८ लिटर क्षमतेचे, आठ सिलिंडरचे, ३६७ अश्वशक्तीचे इंजिन आहे. चालवण्यास अतिशय सुखद असलेल्या या इंजिनाची काही दुखणी जाणकार मेकॅनिकांना ठाऊक आहेत. सिलिंडरांच्या दोन रांगांच्या मधून जाणाऱ्या शीतक-नळीचे सील कालांतराने झिजते आणि इंजिनाच्या पुढील भागातून कुलंट ठिबकू लागते. सील स्वस्त असते, पण तेथवर पोहोचण्याची मजुरी भारी पडते. व्हॉल्व्हचे रबरी सील कडक झाले की तेल ज्वलनकक्षात उतरते. याची परीक्षा सोपी आहे. इंजिन तापल्यावर गाडी दहा मिनिटे जागेवर चालू ठेवावी व मग ॲक्सिलरेटर दाबावा. मागून निळसर धूर आला तर सील गेले असे समजावे.

गिअरबॉक्सचे तेल ‘आजन्म’ टिकते असे सांगितले जाई. तथापि ते तयार करणारी झेडएफ कंपनी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान तेल बदलण्याचा सल्ला देते. बॅटरी नवी बसवल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. अन्यथा चार्जिंग चुकीचे होते.

आठवड्यातून एकदा चालणारी गाडी कमी झिजते, हा समजही तितकासा खरा नाही. उभ्या गाडीची बॅटरी उतरते आणि टायर न झिजताही म्हातारे होतात. टायरच्या कडेवरील शेवटचे चार अंक पाहावेत. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलणे इष्ट. आता पंपांवर मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलसाठी ही गाडी घडवलेली नाही. म्हणून इंधनाच्या नळ्या व सील वरचेवर तपासावेत आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडू देऊ नये.

कागदपत्रांची बाजू

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते व पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. आयात मोटारीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ४०,००० रुपये झाले. वीस वर्षांवरील आयात मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये ८०,००० रुपये करण्यात आले. परराज्यातील गाडी घेतल्यास ‘ना हरकत’ प्रमाणपत्र (नमुना २८), मालकी बदलाचे नमुने २९ व ३० आणि नव्या राज्याचा रस्ताकर यांचा विचार आधी करावा. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांवरील निर्बंधांमुळे तेथील गाड्या इतरत्र स्वस्तात विकावयास येतात. त्यांच्याबाबत ही दक्षता विशेष घ्यावी. गाडीवर पूर्वी कर्ज असल्यास नमुना ३५ द्वारे बोजा उतरल्याची खात्री करावी.

विम्याबाबत एक सूक्ष्म मुद्दा आहे. पाच वर्षांवरील गाडीचे विमामूल्य कंपनी व ग्राहक यांच्या संमतीने ठरते. दाव्याच्या वेळी मात्र दहा वर्षांवरील गाडीच्या धातूच्या भागांवर आणि वय काहीही असो, प्लास्टिक-रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. या गाडीचे पुढील मडगार्डच प्लास्टिकचे आहेत!

हिशेब

मी त्या गृहस्थांपुढे कागद ओढून आकडे मांडले. समजा, गाडी बारा लाखांची. पहिल्या वर्षीच्या दुरुस्तीची तरतूद चार लाख. एकूण सोळा लाख, म्हणजे संपूर्ण ठेव. सात टक्क्यांनी बुडणारे व्याज वर्षाला १,१२,०००. पुढे विमा, सर्व्हिसिंग, टायर व दुरुस्ती मिळून सरासरी अडीच लाख धरले तर वार्षिक भार ३,६२,०००. वर्षाचे पन्नास रविवार धरल्यास प्रत्येक रविवारी ७,२४० रुपये, पेट्रोल वेगळे. ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “पेन्शनमधून झेपेल, पण ठेव जाता कामा नये.”

मार्ग निघाला. इतक्या जुन्या गाडीला वाहनकर्ज सहसा मिळत नाही आणि वैयक्तिक कर्ज महाग पडते. ठेव मोडण्याऐवजी ठेवीवर कर्ज घेतल्यास व्याज ठेवीच्या दराहून साधारणतः एक-दोन टक्केच अधिक पडते आणि ठेवीवरील व्याजही चालू राहते. दुरुस्तीसाठी दरमहा आवर्ती ठेव सुरू करावी, असेही सुचवले. मात्र एक अट घातली : प्रथम स्वतंत्र मेकॅनिककडून तपासणी.

तपासणीत ती निळी गाडी नापास झाली. दहा मिनिटांनी निळा धूर निघाला आणि खालून कुलंटही ठिबकले. दुरुस्तीचा अंदाज किमतीच्या निम्म्याहून अधिक आला. गृहस्थ खट्टू झाले, पण थांबले. आठ महिन्यांनी बंगळुरूत त्याच जातीची, सर्व्हिसची प्रत्येक पावती जपलेली गाडी मिळाली. किंमत दोन लाखांनी जास्त. त्यांनी तीच घेतली. आता दर रविवारी पहाटे पती-पत्नी गंडीपेटच्या तलावाकडे जातात, आणि दर महिन्याच्या पाच तारखेस आवर्ती ठेवीचा हप्ता न चुकता जमा होतो.

हौस जरूर करावी. परंतु तिच्यासाठीही ताळेबंदात एक तरतूद ठेवावी. आपल्या मनातही अशी एखादी गाडी असेल, तर ठेव मोडण्यापूर्वी एकवार शाखेत येऊन बसावे. हिशेबाचा कागद आम्ही देऊ.