रोजेदाराची चूळ आणि उघडा नळ

दुपारी दीडचा सुमार. जोहरच्या नमाजची वेळ झालेली असते. पहाटे सहरी आटोपल्यापासून पाण्याचा थेंब घशाखाली गेलेला नाही. बाजारपेठेतल्या मशिदीच्या वुजूखान्यात रोजेदार दगडी बैठकीवर बसतो, नळ उघडतो, हात धुतो आणि चूळ भरण्यासाठी ओंजळभर पाणी तोंडात घेतो. थंडगार पाणी जिभेवर असते. त्यातला एखादा घोट आत गेला, तर शेजारी बसलेल्याला कळणार नाही आणि घरच्यांनाही कळणार नाही. तरीही तो पाणी सगळेच्या सगळे बाहेर टाकतो. रोजा असताना घशापर्यंत गुळण्या करायच्या नाहीत, नाकात पाणी खोलवर ओढायचे नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. एरवी वुजू करताना जे भरपूर करावे असे सांगितले आहे, तेच तो रमजानमध्ये हात राखून करतो. का, तर थेंब आत जाऊ नये.

एवढी दक्षता घेणाऱ्या त्या माणसाच्या समोरचा नळ मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत पूर्ण उघडा असतो. तो बाह्या सरसावतो तेव्हाही पाणी वाहते, टोपी सारखी करतो तेव्हाही वाहते, शेजाऱ्याला ‘तरावीह किती वाजता?’ असे विचारतो तेव्हाही वाहते. घशाखाली थेंब जाऊ नये म्हणून जपणारा माणूस आणि मोरीत बादलीभर पाणी सोडणारा माणूस एकच असतो. रमजानमधल्या सवयींबद्दल पुष्कळ लिहिले-बोलले जाते, पण या विसंगतीकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

वुजू म्हणजे नमाजपूर्वीची शुद्धी. हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंतचे हात धुवायचे, ओल्या हाताने डोके पुसायचे आणि शेवटी घोट्यापर्यंत पाय धुवायचे. डोके धुवायचे नाही, फक्त ओला हात फिरवायचा. त्याला ‘मसह’ म्हणतात. धुण्याचे अवयव एकदा नीट धुतले तरी वुजू होतो, तीनदा धुणे ही सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत. त्याहून अधिक करणे ही आगळीक. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एकाला तीन-तीनदा धुऊन दाखवले आणि याच्यापुढे जाणाऱ्याने वाईट केले, अशा अर्थाचे सांगितले, अशी नोंद हदीसमध्ये आहे.

त्याहून बोलकी गोष्ट आहे ती मापाची. प्रेषित (स.) एक ‘मुद’ पाण्यात वुजू करीत आणि एक ‘साअ’ ते पाच मुद पाण्यात आंघोळ करीत, असे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही प्रमाण संग्रहांत येते. मुद म्हणजे मध्यम हाताच्या माणसाची दोन्ही हातांची भरलेली ओंजळ. निरनिराळ्या फिकह परंपरांच्या हिशेबात थोडा फरक पडतो, पण आजच्या मापात मुद साधारण पाऊण लिटरच्या आसपास भरतो. चार मुद म्हणजे एक साअ, सुमारे तीन लिटर. म्हणजे आज आपण प्रवासात विकत घेतो त्या लिटरभराच्या बाटलीत एक वुजू होऊन वर थोडे पाणी उरावे. ज्याला हे अशक्य वाटते त्याने एकदा नळाखाली बादली ठेवून नेहमीसारखा वुजू करावा आणि बादलीत किती पाणी जमले ते पाहावे. कुठल्याही प्रवचनापेक्षा ती बादली जास्त शिकवते.

हिशेब करू. समजा, एका मशिदीत दिवसाकाठी पंधराशे वेळा वुजू होतो आणि प्रत्येक वेळी गरजेपेक्षा तीन लिटर पाणी जास्त जाते. दिवसाचे साडेचार हजार लिटर झाले. दहा हजार लिटरच्या टँकरचा जवळजवळ अर्धा टँकर, तोही एका मशिदीत, एका दिवसात. रमजानमध्ये नमाजींची गर्दी वाढते, तरावीहची भर पडते. मोठ्या शहरांतल्या मशिदींचे आकडे याहून कितीतरी मोठे निघतील.

पूर्वी असे नव्हते, याचे कारण माणसे जास्त धार्मिक होती असे मानायची गरज नाही. साधने वेगळी होती. जुन्या मशिदींत हौद असे. काठावर बसायचे, ओंजळ बुडवायची, पाणी घ्यायचे. ओंजळीत मावेल तेवढेच पाणी येते. घराघरांत तोटीचा लोटा असे, काही घरांत अजूनही आहे. तो भरला की वुजू त्या लोट्यातच संपवायचा असतो. लोट्याला तळ असतो, नळाला तो नसतो. हौद बुजवून तिथे नळांची रांग आली तेव्हा स्वच्छता वाढली, सोय झाली, ते चांगलेच झाले. पण ओंजळीने आणि लोट्याने जी शिस्त आपोआप लावली होती, ती नळाबरोबर आली नाही. ती आता ज्याची त्याने लावायची आहे.

आपल्या दख्खनला पाण्याची किंमत कुणी नव्याने सांगायला नको. सतराव्या शतकात मलिक अंबरने त्याच्या खडकी शहरासाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी, डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीने आणले. पुढे त्याच शहरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्की उभी राहिली. दूरवरच्या झऱ्याचे पाणी नळांतून आणून, उंचावरून पाडून, त्याच्या जोरावर दळणाची चक्की फिरवायची. पीठ मुरीद, प्रवासी आणि गोरगरिबांच्या पोटात जायचे. एकाच पाण्याकडून दोन कामे करून घेण्याची ती अक्कल होती. पर्यटक आज तिथे फोटो काढून परततात.

आणि लातूर कोण विसरेल? २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले. शहरात पाणी भरण्याच्या जागांवर भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी लातूरला पोहोचले. त्या वर्षी रमजान जूनच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला, दिवस मोठे आणि उकाड्याचे होते. रोजा सोडताना हातात आलेला पाण्याचा पेला कुठून आला, हे त्या वर्षी शहरातल्या लहान मुलालाही माहीत होते. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आता तो फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. विहिरी अजून आटलेल्या नसतात, नळाला पाणी असते. टंचाईत काटकसर सगळेच करतात. नळाला पाणी असताना हात कसा वागतो, तीच खरी सवय.

टंचाईच्या वेळी काय करायचे, याबद्दल शरीयत स्पष्ट आहे. पाणी नसेल, किंवा आहे ते फक्त पिण्यापुरतेच असेल, तर वुजूऐवजी ‘तयम्मुम’ करायचा. स्वच्छ मातीवर हात टेकवून चेहऱ्यावरून आणि हातांवरून फिरवायचे. नमाज तेवढ्याने होते. फिकहच्या ग्रंथांनी पुढे जाऊन सांगितले आहे की स्वतःची, सोबत्याची, एवढेच काय, बरोबरच्या जनावराची तहानही वुजूच्या आधी येते. उपासनेची शुद्धी मागे आणि जनावराची तहान पुढे, हा क्रम अनेक रोजेदारांनाही माहीत नसतो, बिगरमुस्लिम शेजाऱ्यांना तर नसतोच. तहानेने ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून आपल्या चामडी मोज्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहने क्षमा केली, ही हदीसमधली गोष्ट मुलांना आवर्जून सांगितली जाते. मुलांना ती आवडतेही. मोठ्यांनी ऐकायला हवी.

मदिनेतल्या रूमा विहिरीची हकीकतही अशीच. विहिरीचा मालक पाणी विकत असे. हजरत उस्मान (र.) यांनी आधी विहिरीचा अर्धा हक्क विकत घेतला, म्हणजे एक दिवस त्यांचा, एक दिवस मालकाचा. त्यांच्या दिवशी पाणी फुकट. लोक त्या दिवशी दोन दिवसांचे पाणी भरून ठेवू लागले. मालकाच्या दिवशी गिऱ्हाईकच येईना. शेवटी त्याने उरलेला अर्धा हक्कही विकला आणि विहीर सगळ्यांसाठी खुली झाली. दिवसाआड पाणी भरणाऱ्या मराठवाड्यातल्या वाचकाला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घडा दान देणारी आजी आणि मोहरममध्ये रस्त्यावर सबील लावणारी पोरे यांनी या विहिरीचे नाव ऐकलेले नसेलही, पण काम तेच चालवले आहे.

खरी काटकसर पाहायची असेल तर मशिदीपेक्षा घरात पाहावी. पुष्कळ गावांत नळ अवेळी येतो, मध्यरात्री किंवा पहाटे. रमजानमध्ये सहरीचा स्वयंपाक आणि पाणी भरणे एकाच वेळी गाठ घालते. पिंपे, कळशा, घागरी भरून मगच त्या घरातली बाई दोन घास खाते आणि रोजाची नियत करते. तांदूळ धुतलेले पाणी ती कुंडीत ओतते, भाजीचे पाणी फरशीला वापरते. तिला पाणी जपण्याची तकरीर लागत नाही, कारण तिने ते उचललेले असते. तिच्याच घरातला मुलगा किंवा नवरा मशिदीत जाऊन नळ पूर्ण सोडतो, कारण तिथले पाणी त्याने भरलेले नसते. हे जरा कठोर वाटेल, पण खोटे नाही.

इफ्तारचीही तीच तऱ्हा. सार्वजनिक इफ्तारमध्ये पाण्याच्या छोट्या बाटल्या वाटल्या जातात. खजुराबरोबर दोन घोट घेतले, मगरिबची हाक आली, माणूस उठला. मागे दस्तरखानावर अर्ध्या भरलेल्या बाटल्यांची रांग उरते आणि आवरणारी मुले त्या तशाच पोत्यात भरतात. दिवसभर ज्या घोटाची वाट पाहिली तोच असा कचऱ्यात जातो. त्यापेक्षा जग आणि पेले ठेवले तर धुण्याचा थोडा त्रास वाढेल, पण प्लास्टिकही वाचेल आणि पाणीही.

मशिदींच्या कमिट्यांना करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले पुष्कळसे स्वस्त आहे. दाबले की थोडे पाणी देऊन आपोआप बंद होणारे नळ बाजारात मिळतात. वुजूच्या पाण्यात साबण नसतो, त्यामुळे ते गटारात सोडण्याऐवजी झाडांना देणे सोपे आहे. अंगण असेल तिथे ते शोषखड्ड्यात मुरवता येते. काही मशिदींनी असे केलेही आहे. जुम्याच्या नमाजआधी तकरीरमध्ये इमामसाहेबांनी पाच मिनिटे मुदच्या मापावर बोलावे आणि बोलताना समोर पाऊण लिटर पाण्याचा लोटा ठेवावा. पोरांना ते लक्षात राहील.

आणि गळका नळ. तो जवळजवळ प्रत्येक वुजूखान्यात एखादा असतोच, बहुधा कोपऱ्यातला. त्याला कुणी चिंधी बांधलेली असते, तीही ओली. चांदरातीला मशिदीची रंगरंगोटी होते, दिव्यांच्या माळा लागतात, चटया धुतल्या जातात. त्या यादीत वीस-तीस रुपयांचे वायसर लिहून ठेवायला हरकत नाही.