ॲमस्टरडॅमला जाताय? मग पाऊण तासावरचं विणकरांचं लायडन दोन दिवस पायी फिरा

पोरगा किंवा पोरगी नेदरलँड्सला नोकरीला लागली की वर्ष-दोन वर्षांत आईबाबांची तिकडं एक चक्कर होतेच. फिरायची यादीही ठरलेली असते. ॲमस्टरडॅमचे कालवे, ट्युलिपची बाग आणि पवनचक्कीसमोर एक फोटो. या तीन गोष्टींसाठी तीन दिशांना पळापळ होते, पाय दुखतात, पैसे जातात आणि घरी आल्यावर लक्षात राहते ती फक्त गर्दी.

या यादीत लायडनचं नाव क्वचितच असतं. खरं तर कालवे, पवनचक्की, चारशे वर्षं जुनी बाग आणि उत्तम संग्रहालयं हे सगळं या एका शहरात आहे, आणि तेही पायी फिरण्याच्या अंतरात. नागपूर जिल्ह्यातल्या खाप्यासारख्या गावातून जाणाऱ्या माणसासाठी तर लायडनला जायचं आणखी एक कारण आहे. ते म्हणजे कापड.

खापा आणि लायडन, काय संबंध?

सरळ संबंध काहीच नाही. पण दोन्ही गावांची गोष्ट एकमेकांच्या जवळून जाते.

सावनेर तालुक्यातलं खापा कन्हान नदीच्या काठावर आहे, नागपूरपासून साधारण ३५ किलोमीटरवर. इथली नगरपालिका १८६७ सालची. आज खाप्याचं नाव निघालं की लोक शेजारच्या गुमगावच्या मँगनीज खाणीबद्दल बोलतात. जुन्या काळी मात्र हे गाव ओळखलं जायचं ते हातमागाच्या कापडासाठी. कोष्ट्यांच्या घरात माग असायचा आणि त्यावर घर चालायचं.

लायडन जुन्या ऱ्हाईन नदीवर वसलेलं आहे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये ॲमस्टरडॅमनंतरचं सगळ्यात मोठं शहर हेच होतं, आणि ते मोठं झालं लोकरीच्या कापडावर. युद्ध आणि धर्मछळ यांना कंटाळून फ्लँडर्समधून, म्हणजे आजच्या बेल्जियमकडून, हजारो विणकर इथं आले. १६७० च्या सुमाराला शहराची लोकसंख्या साठ हजारांच्या पुढं गेली होती. मग बाहेरचं स्वस्त कापड आलं, धंदा बसला आणि १८०० पर्यंत शहर जवळपास निम्मं रिकामं झालं.

धंदा बसण्याची गोष्ट खाप्याच्या माणसाला नवी नाही. पुढं लायडननं त्या आठवणींचं काय केलं, ते मात्र बघण्यासारखं आहे.

पोहोचायचं कसं?

नागपूरहून मुंबई किंवा दिल्ली गाठायची आणि तिथून थेट विमानानं ॲमस्टरडॅमचं स्खिपोल विमानतळ. रेल्वे स्टेशन विमानतळाच्या खालीच आहे. तिथून लायडन सेंट्रालला थेट ट्रेन आहे, वीस मिनिटांच्या आत पोहोचवते. ॲमस्टरडॅममधून हाच प्रवास पाऊण तासाच्या आतला, तर हेगहून जेमतेम पंधरा मिनिटांचा. थोडक्यात, मुलगा या भागात कुठंही राहत असला तरी लायडनला सकाळी जाऊन रात्री परत येता येतं.

व्हिसा लागतो तो शेंगेनचा. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि किमान ३० हजार युरोचा प्रवासविमा सक्तीचा आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरवड्यावर ढकलू नये.

चेक-इन, चेक-आउटची भानगड काय आहे?

आपल्याकडचे लोक सगळ्यात जास्त इथंच अडकतात, त्यामुळं हे नीट समजून घ्यायला हवं.

नेदरलँड्समध्ये ट्रेन, बस, ट्राम, मेट्रो सगळीकडं कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड चालतं. २०२३ पासून ही सोय देशभर आहे. चढताना मशीनला कार्ड टेकवायचं आणि उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. ट्रेनसाठी ही मशीन स्टेशनवर असतात, तर बस आणि ट्राममध्ये दारापाशी. अंतराप्रमाणे पैसे कापले जातात.

यात चार चुका हमखास होतात.

पहिली, उतरताना कार्ड टेकवायला विसरणं. मग तुम्ही नेमके कुठं उतरलात हे यंत्रणेला कळत नाही आणि खऱ्या भाड्यापेक्षा बरीच मोठी ठरावीक रक्कम कापली जाऊ शकते.

दुसरी, नवराबायकोनं एकच कार्ड वापरणं. एका माणसाला एक कार्ड, हा नियम पक्का आहे. आईचं वेगळं, बाबांचं वेगळं.

तिसरी, चढताना प्लास्टिकचं कार्ड आणि उतरताना फोन वापरणं. बँक खातं एकच असलं तरी यंत्रणेच्या दृष्टीनं ती दोन वेगळी कार्डं होतात.

चौथी चूक भारतातच होते. आपल्याकडच्या नव्या कार्डांवर परदेशातले आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार बहुतेक वेळा बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते निघण्याआधी चालू करून घ्यावे लागतात. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचं असावं. यूपीआयच्या भरवशावर राहू नये, आणि रोख रकमेच्याही नाही. बसमध्ये रोख घेत नाहीत आणि बऱ्याच दुकानांत फक्त कार्ड चालतं.

कुठली गाडी कधी आहे हे बघायला ९२९२ नावाचं ॲप आहे. घराच्या पत्त्यापासून दारापर्यंतचा रस्ता ते सांगतं.

रस्त्यावर कोणापासून जपायचं?

गाड्यांपासून कमी आणि सायकलींपासून जास्त.

लालसर रंगाचा पट्टा दिसला की तो सायकलींचा रस्ता समजावा. तो फुटपाथसारखाच दिसतो, त्यामुळं आपली माणसं फोटो काढायला नेमकी तिथंच उभी राहतात. सायकलवाले वेगानं येतात, घंटी वाजवतात आणि वळसा घालून जायची त्यांची तयारी नसते. शिवाय तिकडं वाहतूक उजव्या बाजूनं चालते. आपली मान सवयीनं आधी उजवीकडं वळते, पण गाडी येते डावीकडून. म्हणून रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघावं.

सायकल चालवायची हौस असेल तर भाड्याच्या दुकानातून घेता येते. रेल्वेच्या निळ्या-पिवळ्या सायकली सहज दिसतात, पण त्यांना तिथली सदस्यता लागते. रात्री दिवा लागतो, आणि सायकल चालवताना हातात फोन धरला तर दंड होतो. पहिल्या दिवशी जुन्या शहरात सायकल घेऊच नये. पूल चढणीचे आहेत आणि गल्ल्या अरुंद.

तसं पाहिलं तर लायडनच्या जुन्या शहरात सायकलची गरजही नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला चालत अर्धा तासही लागत नाही.

पहिला दिवस: पवनचक्की ते माग

स्टेशनवरून शहराकडं निघालं की काही मिनिटांत ‘दे फाल्क’ ही पवनचक्की दिसते. नावाचा अर्थ ससाणा. १७४३ साली धान्य दळायला बांधलेली ही सात मजली चक्की आता संग्रहालय आहे. आतले जिने उभे आणि अरुंद आहेत, गुडघे दुखत असतील तर खालूनच बघावी.

तिथून जवळच कालव्याकाठी ‘लाकेनहाल’ आहे. लाकेन म्हणजे लोकरीचं भारी कापड. ही इमारत १६४० च्या सुमाराला कापड तपासायला बांधली गेली. शहरात विणलेलं कापड इथं यायचं, त्याचा दर्जा तपासला जायचा आणि पास झालं की त्याला शिशाचं सील लागायचं. सील नसेल तर लायडनचं कापड म्हणून विकता यायचं नाही. आज आपण ज्याला ब्रँड म्हणतो, तो त्या काळी इथं शहरानं चालवला होता.

धंदा संपल्यावर ही इमारत पाडली नाही. १८७४ साली तिथं संग्रहालय उघडलं. याच शहरात १६०६ साली जन्मलेल्या रेम्ब्राँटचं तरुणपणीचं काम इथं आहे. पण विणकरांच्या गावातल्या माणसानं आधी इसाक व्हान स्वानेनबुर्खची चित्रं शोधावीत. लोकर धुण्यापासून सूत कातण्यापर्यंत आणि विणण्यापर्यंत, कापड कसं तयार होतं ते त्यानं चित्रांतून टप्प्याटप्प्यानं दाखवलंय.

दुपारी शहराच्या मध्यावरच्या ‘बुर्ख्ट’वर चढावं. मातीच्या उंचवट्यावरचा हा जुना गोल कोट फुकट बघता येतो आणि वरून सगळं शहर दिसतं.

त्यानंतर मिडेलस्टेखराख्ट या रस्त्यावरचं ‘वेव्हर्सहाउस’, म्हणजे विणकराचं घर. साधारण १५६० सालचं हे घर एवढंसं आहे, आणि आत मोठा लाकडी हातमाग. विणकर त्याच घरात विणायचे, स्वयंपाक करायचे, झोपायचे. लाकेनहालमध्ये कापडाच्या व्यापाराची श्रीमंती दिसते, तर या घरात ते कापड विणणाऱ्या माणसाचं घर. दोन्ही एकाच दिवशी बघितली की फरक आपोआप कळतो. हे घर ठरावीक वेळीच उघडं असतं, म्हणून वेळ आधी बघून जावं. बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हेही लक्षात ठेवावं.

दुसरा दिवस: विद्यापीठ, बाग आणि भिंतीवरच्या कविता

१५७४ साली स्पॅनिश सैन्याचा लायडनला वेढा होता आणि लोक उपाशी मरत होते. शेवटी बंधारे फोडून शेतांत पाणी सोडण्यात आलं आणि त्या पाण्यावरून बोटींनी मदत आत पोहोचली. ३ ऑक्टोबरला वेढा उठला. पुढच्याच वर्षी शहराला विद्यापीठ मिळालं, नेदरलँड्समधलं सगळ्यात जुनं. आजही ३ ऑक्टोबरला शहरात जत्रा असते. गर्दी नको असेल तर तो दिवस टाळावा.

रापेनबुर्ख या देखण्या कालव्याच्या काठानं चालत गेलं की विद्यापीठाची जुनी इमारत लागते आणि तिच्या मागं १५९० साली सुरू झालेली वनस्पतींची बाग. हॉलंडमधल्या ट्युलिपच्या वेडाची सुरुवात ज्या बागांमधून झाली, त्यांतली ही महत्त्वाची. मोठी बाग बघायची असेल तर मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंत लायडन स्टेशनवरून कॉकेनहोफला थेट बस असते.

याच कालव्यावर पुरातन वस्तूंचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. त्याच्या दालनात इजिप्तनं भेट दिलेलं ताफेहचं अख्खं दगडी मंदिर उभं आहे.

चालताना भिंतींकडं लक्ष ठेवावं. शहरातल्या शंभराहून जास्त भिंतींवर वेगवेगळ्या भाषांतल्या आणि लिप्यांमधल्या कविता रंगवल्या आहेत, त्याही फुकट. मधूनच एखाद्या दारातून आत छोटं अंगण आणि भोवती घरं दिसतील. ही ‘होफ्ये’, पूर्वी गरीब म्हाताऱ्यांसाठी बांधलेली. आजही तिथं लोक राहतात, म्हणून आवाज न करता बघून यावं.

खायचं काय?

बुधवारी आणि शनिवारी कालव्याकाठी बाजार भरतो. तिथं लायडनचं चीज मिळतं आणि त्यात चक्क जिरं असतं. काटेकोर शाकाहारी असाल तर घेण्याआधी विचारावं, कारण पारंपरिक चीजमध्ये प्राण्यांपासून काढलेलं रेनेट वापरतात.

पोळीभाजीची आठवण झाली तर सुरीनामी हॉटेल शोधावं. १८७३ पासून उत्तर भारतातून मजूर सुरीनाम या डच वसाहतीत नेले गेले. त्यांचे बरेच वंशज पुढं नेदरलँड्सला आले. त्यांच्याकडं रोटी, बटाटा आणि शेंगांची भाजी मिळते. नळाचं पाणी पिण्यासारखं असतं, बाटली भरून घ्यावी. आणि छत्रीपेक्षा रेनकोट बरा, वारा छत्री उलटवतो.

निघण्याआधी एक काम

ज्यांच्या घरी आजोबांचा माग होता, त्यांनी लायडनला जाण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसावं. धोटा, फणी, ताणा, बाणा ही नावं विचारून लिहून घ्यावीत, जुन्या सामानाचे फोटो काढावेत. आपल्याकडं खड्डामागावर विणकर पाय खड्ड्यात सोडून बसायचा, तर लायडनचा माग लाकडी चौकटीवर जमिनीवर उभा असतो. वेव्हर्सहाउसमध्ये गेल्यावर फोनमधला फोटो आणि समोरचा माग शेजारी धरून बघता येईल.

लायडनमध्ये बघायला मिळणारं ते घर काही राजाचं नाही, विणकराचं आहे. अडगळीतला माग जळणाला देण्याआधी खाप्यातल्या घरांनी एवढं जरूर लक्षात घ्यावं.