सदाफुलीतून कॅन्सरचं औषध निघतं हे खरं, पण पानांचा रस म्हणजे ते औषध नव्हे

मनीषनगर (नागपूर) : सदाफुलीची पाच-सात पानं वाटून उपाशीपोटी रस प्या, कॅन्सर जातो, असा मेसेज गावोगावच्या ग्रुपवर फिरत असतो. सदाफुली मनीषनगरच्या फ्लॅटच्या कुंडीतही आहे आणि आपल्या आंगणातही आहे. फुकटचं औषध म्हटल्यावर माणूस करून पाहतोच. या मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, म्हणूनच तो जास्त धोक्याचा आहे.

खरं काय ते आधी पाहू. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे शास्त्रज्ञ 1950 च्या दशकात सदाफुलीच्या पानांवर काम करत होते. जमैका बेटावर लोक शुगरसाठी या पानांचा चहा पीत, म्हणून तपासणी चालली होती. अर्क तोंडाने दिला तर शुगरवर फारसा फरक दिसेना. सुईने दिला तेव्हा मात्र उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. रक्ताच्या कॅन्सरमध्ये याच पेशी बेसुमार वाढतात, त्यामुळे शोधाची दिशाच बदलली. पानांतून विनब्लास्टिन आणि पुढे विनक्रिस्टिन मिळालं. विनक्रिस्टिनला अमेरिकेत 1963 मध्ये मंजुरी मिळाली. आज लहान लेकरांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये इतर औषधांसोबत ते दिलं जातं आणि पूर्ण उपचार घेणारी बरीच मुलं बरी होतात.

आता हे औषध करतं काय? एका पेशीच्या दोन होताना आतला वारशाचा माल दोन्हीकडे सारखा ओढून न्यावा लागतो. त्यासाठी पेशी बारीक दोऱ्या तयार करते. विनक्रिस्टिन त्या दोऱ्यांच्या तुकड्यांनाच चिकटतं, मग दोरी वळली जात नाही. पेशी अर्ध्यात अडकते. अशी अडकलेली पेशी स्वतःलाच संपवते. आतली कात्रीसारखी प्रथिनं जागी होतात, पेशीचे तुकडे पडतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. या मरणाला 1972 मध्ये ‘अपॉप्टोसिस’ नाव मिळालं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ पानं गळणं. वादळात फांदी मोडते ते वेगळं आणि साग स्वतःहून पान सोडतो ते वेगळं. हे मरण सागाच्या पानगळीसारखं.

कॅन्सरच्या पेशी सारख्या वाढत असतात, म्हणून मार त्यांना जास्त बसतो. पण केसांच्या मुळाच्या पेशीही भराभर वाढतात, म्हणून केस गळतात. नसांमध्येही तशाच दोऱ्या असतात, म्हणून हातापायाला मुंग्या येतात, संडास कडक होते.

मापाचा हिशोब पहा. मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण 2 मिलिग्रॅमच्या वर विनक्रिस्टिन देत नाहीत, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढं. तेही फक्त शिरेतून. उलट एक ग्रॅम औषध काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. पाच पानांच्या रसात ते किती उतरलं, पोटातून रक्तात किती गेलं, कोण मोजणार? शिवाय त्या पानात शंभराच्या वर वेगवेगळी रसायनं आहेत, काही विषारीच. आमच्या शेळ्या बांधावरचं काहीही खातात, पण सदाफुलीला तोंड लावत नाहीत.

हळदीचंही असंच आहे. तिच्यातलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशी मारतं, पण खाल्लेलं रक्तात फार थोडं पोचतं. भाजीत हळद खुशाल टाका.

आपल्या भागात मोठी भीती खर्ऱ्याच्या कॅन्सरची आहे. तोंडाच्या कॅन्सरवर विनक्रिस्टिन हे मुख्य औषध नाहीच, तिथे ऑपरेशन आणि शेक लागतात. म्हणजे रस पिण्यात दोन-तीन महिने गेले, तर तेवढ्यात गाठ वाढते आणि लहान ऑपरेशनचं मोठं होतं. तोंडातला फोड तीन आठवड्यांत भरला नाही, पांढरा-लाल चट्टा पडला, तोंड कमी उघडायला लागलं, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. नागपुरात मेडिकल, राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय आणि वर्धा रोडवर जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवून आरोग्यमित्राला भेटा.

घरात कोणी असा रस आधीच घेत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. किमो सुरू असताना पांढऱ्या पेशी आधीच कमी झालेल्या असतात, आणि रसाचं माहीत नसेल तर डॉक्टर भलतंच कारण शोधत बसतील.