झोपेची उधारी

घोरणारा माणूस सुखाने झोपतो, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. आमच्या घरीही तोच होता. आप्पांच्या घोरण्याची आम्ही भावंडे नक्कल करीत असू. पण गेल्या पावसाळ्यात दुकानात हिशेब लिहिता लिहिता त्यांचा डोळा लागू लागला. एके संध्याकाळी खानापूरहून बेळगावला परतताना तर स्कूटर चालवतानाच त्यांना डुलकी आली. मागे मी बसलो होतो. खांदा गदागदा हलवला म्हणून निभावले. त्या दिवसापासून आमचे हसणे बंद झाले.

दवाखान्यात एका रात्रीची तपासणी झाली व 'स्लीप ॲप्निया' हे निदान निघाले. ॲप्निया या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'श्वासाविना'. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात. काही जणांचा घसा इतका मिटतो की श्वासाची वाटच बंद होते. रक्तातला प्राणवायू कमी झाला की मेंदू माणसाला अर्धवट जागे करतो; वाट मोकळी होते आणि घोरणे पुन्हा सुरू. सकाळी यातले काहीच आठवत नाही. दहा सेकंद किंवा अधिक काळ श्वास थांबला वा फार मंदावला, तर तो एक खंड धरतात. तासाला असे 30 वा अधिक खंड म्हणजे आजार तीव्र. आप्पांचे 42 निघाले! वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे, तर आठ तास अंथरुणात घालवूनही जमेच्या बाजूला काही पडत नव्हते. उधारी तेवढी वाढत होती.

यावरचा उपाय म्हणजे 'सीपॅप' यंत्र. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली ही पद्धत प्रसिद्ध केली. यंत्र प्राणवायू देत नाही. खोलीतलीच हवा ठरावीक दाबाने नळीतून व नाकावरच्या मास्कमधून आत सोडते. हवा भरल्यावर सायकलची ट्यूब जशी मिटत नाही, तसा त्या दाबाने घसा मिटत नाही.

तत्त्व सोपे, सवय मात्र कठीण. पहिल्या रात्री आप्पांनी अर्ध्या तासात मास्क काढून टाकला. श्वास सोडताना समोरून कोणी ढकलते आहे असे त्यांना वाटे. पट्टा सैल केला की हवा डोळ्यांत जाई. आवळला की नाकावर वळ उठे. तोंड उघडे राहून घसा कोरडा पडे. पाचव्या दिवशी यंत्र कपाटावर गेले. "मरण आले तरी चालेल, पण हे नको," असे ते म्हणाले, तेव्हा आईने तोंड फिरवले.

यंत्र बसवणारा तरुण कन्नडभाषिक होता. मी बोलावताच आला. "काका, गडबड माडब्याड्री," म्हणजे घाई करू नका, हे त्याचे पहिले वाक्य. मास्क बसून नव्हे, तर आडवे होऊन आणि यंत्र चालू ठेवून बसवावा. पट्टा गळती थांबण्यापुरताच ओढावा. दिवसा जागेपणी वर्तमानपत्र वाचताना अर्धा तास मास्क लावावा, म्हणजे भीती मोडते. दाब हळूहळू चढवण्याची सोय यंत्रात असते, ती चालू करावी. पाण्याच्या भांड्यात डिस्टिल्ड वॉटर घालावे. त्याच्या ओलाव्याने कोरड कमी होते. मास्कची गादी रोज सौम्य साबणाने धुवावी, कारण चेहऱ्याच्या तेलकटपणाने ती सरकते. वीज गेली तर मास्क काढून ठेवावा.

मी एक जुनी वही घेतली आणि यंत्रावर दिसणारे तास रोज सकाळी टिपू लागलो. पहिल्या आठवड्यात अर्धा, एक, शून्य. तिसऱ्या आठवड्यात चार. महिनाअखेर सहा. एका रात्री मी दचकून उठलो. आप्पांच्या खोलीतून काहीच आवाज येत नव्हता. धावत जाऊन पाहिले, तर छाती संथपणे वरखाली होत होती. मी तिथेच थोडा वेळ उभा राहिलो.

आजार मुळातून गेलेला नाही. मास्क न लावता झोपले तर श्वास पुन्हा अडतो. पण आता दुपारी हिशेबाच्या वहीवर आप्पांची मान पडत नाही. वाचकहो, तुमच्या घरी कोणी मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास थांबत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर नक्कल करीत बसू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या. आणि यंत्र घरी आलेच, तर पहिले काही आठवडे त्यांच्याजवळ बसा. तेवढ्या दिवसांत धीर देणारे माणूस हवे असते.