वाद्य तापले, सूर सरकला

पेटीवरच्या मध्य सप्तकातील सा आणि तार सप्तकातील सा यांचे नाते साधे असते. वरच्या सुराची वारंवारता खालच्याच्या दुप्पट. मध्य सा २४० हर्ट्झचा धरला तर तार सा ४८० हर्ट्झचा, आणि त्याच्या वरचा ९६० हर्ट्झचा. कानाला दर वेळी एकसारखीच उडी घेतल्यासारखे वाटते, आकडे मात्र दुपटीने वाढत जातात. ध्वनीचा धडा शिकवताना आपण एवढे सांगून पुढे जातो. विजेवर चालणारे वाद्य बनवू पाहणाऱ्याची अडचण मात्र इथूनच सुरू होते.

अमेरिकन अभियंता रॉबर्ट मूग (१९३४–२००५) यांनी १९६४ मध्ये जो सिंथेसायझर बनवला, त्यात सूर, आवाजाचा पोत आणि त्याचा चढउतार या तिन्ही गोष्टी विद्युत्दाबाच्या हुकमतीत होत्या. आंदोलकाला म्हणजे ऑसिलेटरला एक व्होल्ट जास्त द्या, सूर एक सप्तक वर जाईल. सप्तकात पट्ट्या बारा, म्हणून एका पट्टीला एक द्वादशांश व्होल्ट, म्हणजे सुमारे ८३ मिलिव्होल्ट. हा दाब पट्टी दाबून द्या किंवा दुसऱ्या एखाद्या यंत्राकडून द्या, आंदोलकाला फरक पडत नाही.

हे 'दुसरे यंत्र' म्हणजे सीक्वेन्सर. जत्रेतल्या विजेच्या माळेत उजेड एका दिव्यावरून पुढच्यावर पळताना दिसतो, तसाच हा प्रकार. मूग यांच्या ९६० क्रमांकाच्या सीक्वेन्सरवर आठ-आठ बटणांच्या तीन रांगा असत. प्रत्येक बटण फिरवून एकेक दाब ठरवायचा. यंत्र ते दाब ओळीने आंदोलकाकडे पाठवते आणि आठवा झाला की पुन्हा पहिल्यावर येते. केहरव्याच्या आठ मात्रांचे आवर्तन म्हणा ना. बटणांना पट्ट्यांसारख्या खाचा नसल्यामुळे प्रत्येक सूर कानानेच लावावा लागे.

या आवर्तनांतून पश्चिम बर्लिनमध्ये १९७०च्या दशकात एक संगीतप्रकार उभा राहिला. त्याला 'बर्लिन स्कूल' म्हणतात. आपण बर्लिन घराणे म्हणू या. क्लाउस शुल्झे आणि 'टँजरिन ड्रीम' हा वाद्यवृंद ही त्यातली ठळक नावे. एकच आवर्तन दहा-पंधरा मिनिटे चालते. गायन नाही, बहुधा तालवाद्यही नाही. प्रतिध्वनी लांबवर विरत जातात. लोकांनी याला 'अवकाश संगीत' म्हटले. अवकाशाच्या निर्वात पोकळीत ध्वनी जाऊच शकत नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्यायला हरकत नाही. अफाट पोकळीचा भास होतो तो मुख्यतः प्रतिध्वनींमुळे.

१९७३च्या अखेरीस टँजरिन ड्रीमचे एडगर फ्रोझे, ख्रिस्तोफर फ्रांके आणि पीटर बाउमान इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरमधल्या 'द मॅनर' या स्टुडिओत आले. तिथे ध्वनिमुद्रित केलेला 'फीड्रा' हा अल्बम फेब्रुवारी १९७४ मध्ये निघाला. त्याच नावाची त्यातली रचना सतरा मिनिटांहून मोठी आहे. ध्वनिमुद्रण चालू असताना मूगची उपकरणे तापत गेली आणि काही आंदोलकांचे सूर जागचे हलले. शेवटाकडे रचना जी बदलत जाते, त्यात या सरकण्याचाही हात आहे. ते तसेच अल्बममध्ये राहिले.

पण नुसते तापल्याने सूर का सरकावा? तबल्याची पुडी ओलसर हवेत सैल पडते, हे कळते. इथे तर ताणलेले असे काहीच नाही.

उत्तर त्या दुपटीतच आहे. दाब एकेका व्होल्टने वाढवला की वारंवारता दर वेळी दुप्पट व्हायला हवी. निसर्गाने हा गुण सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये आयताच ठेवला आहे. त्याच्या बेस आणि एमिटर या टोकांमधला दाब सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढवला की त्यातून जाणारा प्रवाह दुप्पट होतो. म्हणून बाहेरून आलेल्या एका व्होल्टचे १८ मिलिव्होल्ट करून ट्रान्झिस्टरला द्यायचे आणि त्या प्रवाहाने आंदोलक चालवायचा. युक्ती सुरेख आहे. पण हे १८ मिलिव्होल्ट २७ अंश सेल्सियसला, म्हणजे ३०० केल्विनला. दुपटीसाठी लागणारा हा दाब केल्विन तापमानाच्या सम प्रमाणात बदलतो.

हिशेब फळ्यावर मांडू. तीन सप्तकांसाठी ३०० केल्विनला ५४ मिलिव्होल्ट लागतात. पेटी दहा अंशांनी तापली, दाब तेवढाच राहिला, तर आता मिळतील ३ × ३०० ÷ ३१० = सुमारे २.९ सप्तके. कमी पडलेला एक दशांश सप्तक म्हणजे एका पट्टीहून थोडे जास्तच. तापण्याचा दुसरा परिणाम याहून मोठा. दाब न बदलताही तापलेल्या ट्रान्झिस्टरमधून जाणारा प्रवाह वाढतो. दर दहाएक अंशांना तो जवळपास दुप्पट होतो.

या दुसऱ्या दोषावर उपाय म्हणजे पहिल्याला चिकटून तसाच जुळा ट्रान्झिस्टर बसवायचा. दोघे सारखेच तापतात आणि एकाची वाढ दुसऱ्याच्या वाढीने खोडली जाते. पहिल्या दोषासाठी, तापमानाबरोबर दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के रोध वाढणारा खास रोधक वापरतात. जुळे तंतोतंत जुळले नाहीत किंवा रोधक थंड आणि ट्रान्झिस्टर गरम राहिला, की सूर सरकलाच.

दोन आंदोलक सारखेच सरकत नाहीत. एक २४० आणि दुसरा २४१ हर्ट्झवर असेल तर आवाज दर सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. यांना आपण विस्पंद म्हणतो. बर्लिन घराण्याच्या संथ, भरदार नादात त्यांचा वाटा मोठा आहे.

१९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स ७ आला. त्यात सूर अंकांच्या हिशेबाने ठरत, त्यामुळे वाद्य तापले तरी ते हलत नसत. त्या मानाने जुनी वाद्ये कटकटीची. तरी काहींना तीच हवी होती. १९९०च्या दशकात ब्रिटनमध्ये 'रेडशिफ्ट' हा वाद्यवृंद मूगच्या जुन्या धाटणीवरच उभा राहिला. नाव ताम्रसृतीवरून घेतलेले, म्हणजे तेही वारंवारता घसरण्याचेच. २०१५ मध्ये मूग कंपनीने आपली जुन्या बनावटीची मोठी वाद्ये पुन्हा बनवायला घेतली. संगणकावर चालणाऱ्या काही सिंथेसायझरांत तर सूर मुद्दाम किंचित भटकवण्याची सोयही असते! अशा वाद्यांच्या आवाजाला 'उबदार' म्हणण्याची रीत आहे. एरवी हे विशेषण मोघमच, इथे मात्र ते अक्षरशः खरे.

वर्गात मूगचे वाद्य आणणे शक्य नाही, पण त्याचा दोष पाहता येतो. नऊ व्होल्टची बॅटरी, १० किलोओहमचा रोधक आणि १एन४००७ हा डायोड एकसर जोडा. डायोडचा पट्टा बॅटरीच्या ऋण टोकाकडे ठेवा. मल्टिमीटर डायोडच्या दोन टोकांना लावा. वाचन साधारण ०.५ ते ०.६ व्होल्ट येईल. मग डायोडचा काळा भाग चिमटीत धरा. दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट या वेगाने आकडा उतरताना दिसेल. उन्हाळ्यात खोली आणि बोटे यांच्या तापमानात फारसा फरक नसतो, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचा खडा घेऊन तो डायोडला टेकवा. आता आकडा चढेल. किती मिलिव्होल्ट चढला यावरून डायोड किती अंशांनी थंड झाला, हे मुलांनाच काढू द्या.