फिशटँकमधलं पिल्लू कोणाचं?

खेडेगावात गप्पी मासा ओळखीचा होतो तो हौदातून. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य विभाग तो राज्यभर साठवणीच्या पाण्यात सोडतो. हौशी घरांत हाच गप्पी फिशटँकमध्ये मोली, प्लॅटी, एंजल, टेट्रा यांच्या शेजारी राहतो. मग एखाद्या सकाळी कोपऱ्यात सात-आठ मिलिमीटरचं पिल्लू दिसतं आणि रंगावरून त्याचे आईबाप ठरवले जातात. पहिला गैरसमज हाच. नवजात गप्पी करडा, अर्धपारदर्शक असतो. नराच्या शेपटीवर रंग चढायला काही आठवडे लागतात. म्हणून आधी पाहावी ती जन्माची रीत.

मासे अंडी घालतात, म्हणून काचेला चिकटलेला पारदर्शक, बुळबुळीत गोळा माशाचाच, असंही मानलं जातं. तो बहुधा गोगलगायीच्या अंड्यांचा असतो. गप्पी, मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल थेट जिवंत पिल्लं देतात. ती जन्मताच पोहतात, पाणवनस्पतींत लपतात. एंजल किंवा टेट्राचं पिल्लू अंड्यातून निघतं ते काचेच्या बारीक सळीसारखं. पोटाशी बलकाची पिशवी असते आणि पहिले काही दिवस त्याला नीट पोहता येत नाही. मिश्र टँकमध्ये अशी अंडी-पिल्लं बहुतेक वेळा इतर मासेच फस्त करतात. त्यामुळे जगलेलं, पोहणारं पिल्लू जिवंत पिल्लं देणाऱ्यांपैकी असण्याचीच शक्यता जास्त. त्यातही गप्पी सडपातळ, प्लॅटी आखूड नि गुबगुबीत, मोली थोडी मोठी; काळ्या मोलीची पिल्लं मात्र बऱ्याचदा जन्मतःच काळसर असतात, तेवढ्यापुरती रंगाची साक्ष चालते.

‘पण आमच्याकडे नरच नाही,’ असा आक्षेप येतो. या जातींची मादी एका मीलनाचं बीज कित्येक महिने साठवते आणि साधारण चार आठवड्यांनी एकेक वेत देते. दुकानातून आणलेली एकटी मादीही पुरते. ‘पिल्लू वाढेपर्यंत थांबलं की जात कळेलच,’ हे बव्हंशी खरं. पण प्लॅटी आणि स्वोर्डटेल यांचा संकर सहज होतो, तिथे वाढलेला मासाही निश्चित उत्तर देत नाही. आणि आरोग्य विभाग सोडतो म्हणून जास्तीची पिल्लं गोदावरीसारख्या नदीत सोडणंही चूक: हे मासे मूळ अमेरिका खंडातले, नदीत ते देशी माशांच्या अन्नात वाटेकरी होतात. पिल्लं दुसऱ्या हौशी माणसाला द्यावीत.