‘घरी कुणी मारलं का?’

लखनौच्या निशातगंजमध्ये पत्ता सांगताना लोक गल्लीचा नंबर सांगतात. गोमतीच्या उत्तरेची ही दाटीवाटीची वस्ती. इथल्या एखाद्या घरात रात्री बाईला मारहाण झाली, हात मोडला, तर ती कुठे जाईल? पोलिसात बहुधा नाहीच. माहेरी कळवायचं की नाही, यावर ती चार दिवस विचार करील. पण सुजलेला हात चार दिवस थांबत नाही. सकाळी ती महानगरच्या भाऊराव देवरस रुग्णालयात जाईल, नाहीतर पूल ओलांडून हजरतगंजच्या सिव्हिलमध्ये. डॉक्टर विचारतील, ‘काय झालं?’ ती म्हणेल, ‘जिन्यावरून पडले.’ प्लास्टर होईल, गोळ्या मिळतील आणि ती त्याच घरी परत जाईल.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) उत्तर प्रदेशातल्या ३४.८ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रातला आकडा २५.२ टक्के आहे. म्हणजे आपण लखनौकडे बोट दाखवावं असं काही नाही. याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या देशभरातल्या स्त्रियांपैकी सुमारे ७७ टक्के स्त्रियांनी ना कुणाची मदत मागितली, ना कुणाला काही सांगितलं. त्यांच्यातल्या कित्येकींनी कधी ना कधी केसपेपर मात्र काढला असणार. जखमेसाठी, गर्भपातासाठी, थांबत नसलेल्या डोकेदुखीसाठी, कधी विष पोटात गेल्यावर.

जागतिक आरोग्य परिषदेने १९९६ मध्ये हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचा ठराव केला. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डॉक्टर-नर्सनी काय करावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि २०१६ मध्ये सदस्य देशांनी कृती आराखडा मान्य केला. संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार जगातल्या जवळजवळ दर तिसऱ्या स्त्रीने जोडीदाराची किंवा इतर कुणाची शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेली असते. पण या कागदांच्या आधीच मलेशियात प्रत्यक्ष काम सुरू झालं होतं. १९९४ मध्ये क्वालालंपूरच्या सरकारी रुग्णालयाने तातडीच्या विभागातच असं केंद्र उघडलं, की जिथे उपचार, समुपदेशन आणि पोलिसांची मदत बाईला एकाच छताखाली मिळेल.

आपल्याकडे ते वांद्र्यात घडलं. ‘सेहत’ ही मुंबईची आरोग्य-संशोधन संस्था आणि मुंबई महापालिका यांनी मिळून २००० साली वांद्र्याच्या के. बी. भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ सुरू केलं. रुग्णालयातच चालणारं हे अशा मदतीचं देशातलं पहिलं केंद्र. महापालिकेच्या डॉ. सीमा मलिक आणि ‘सेहत’च्या पद्मा देवस्थळी, संगीता रेगे यांनी या कामाला बरीच वर्षं दिली. पुढे कुर्ल्याच्या भाभा रुग्णालयातही केंद्र झालं, आणि नंतर राष्ट्रीय आरोग्य अभियानातून मुंबईतल्या आणखी रुग्णालयांत.

‘दिलासा’चं काम जवळून पाहिलं की त्यातलं शहाणपण कळतं. खोलीत समुपदेशक बसवली आणि दारावर पाटी लावली, तर बायका आपणहून येत नाहीत. त्यांना तिथवर पाठवावं लागतं, आणि पाठवणार कॅज्युअल्टीतली नर्स, ओपीडीतला डॉक्टर, कधी आयासुद्धा. म्हणून आधी रुग्णालयातल्याच माणसांना शिकवलं, आणि त्यांच्यातूनच पुढचे प्रशिक्षक तयार केले. बाहेरच्या कार्यकर्तीने येऊन भाषण करणं वेगळं आणि वॉर्डातल्या सिस्टरने आपल्याच सहकाऱ्याला सांगणं वेगळं.

काय शिकवायचं? आधी पाहायला. सांगितलेलं कारण आणि जखम यांचा मेळ बसतो का? जिन्यावरून पडलेल्या बाईच्या दंडावर बोटांचे वळ कसे? दोन महिन्यांत ही तिसऱ्यांदा का आली? गरोदर बाईच्या पोटावर मार कसा लागला? शंका आली की सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा सासूला बाहेर बसवायचं. मग एकांतात, सरळ शब्दांत विचारायचं, ‘घरी कुणी मारलं का?’ दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक बाईला सरसकट हे विचारा असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणत नाही. खुणा दिसल्या की विचारा, ती सांगेल ते मध्ये न तोडता ऐका, तिच्यावर विश्वास ठेवा, आज घरी जाणं धोक्याचं आहे का ते तिच्याशी बोलून ठरवा, पुढच्या मदतीशी गाठ घालून द्या, एवढंच संघटना सांगते. ‘तूच काहीतरी केलं असशील’ हे वाक्य डॉक्टरच्या तोंडून एकदा आलं, की ती बाई पुन्हा तोंड उघडत नाही.

‘दिलासा’ची एक सोय मला फार मोलाची वाटते. घरी पाठवण्यात धोका असेल, तर बाईला निरीक्षणासाठी म्हणून एक-दोन दिवस वॉर्डात दाखल करून घेतात. निवारागृहाच्या नावानेच घाबरणारी बाई दवाखान्यातल्या खाटेवर निर्धास्त झोपते. घरच्यांना सांगायलाही कारण असतं. त्या अवधीत पुढचं ठरवता येतं.

विष घेतलेल्या बायकांची गोष्ट आणखी बिकट आहे. केसपेपरवर ‘चुकून औषध प्यायली’ असं लिहून पोट साफ करायचं आणि डिस्चार्ज द्यायचा, ही आपल्या रुग्णालयांची जुनी रीत. आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता तेव्हा या लपवालपवीला काही अर्थ तरी होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरायला सांगितलं आहे. तरीही तो ताण दिला कुणी, हे विचारायचं बहुतेक ठिकाणी राहूनच जातं. खोटी नोंद पुढे कोर्टातही बाईच्याच विरुद्ध जाते.

कायद्याची तक्रार करायला मात्र जागा नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा पीडितेने मागितल्यास वैद्यकीय मदत देणं बंधनकारक करतो. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीवर सरकारी असो की खासगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य उपचार केलेच पाहिजेत, असा २०१३ पासूनचा नियम आहे. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने तपासणीची कार्यपद्धती ठरवून दिली, आणि अपमानास्पद ‘दोन बोटांची चाचणी’ त्यात मोडीत काढली. त्यामागे विदर्भाचेही कष्ट आहेत. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्यांची दुर्दशा अहवालात मांडली होती, आणि हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. एवढं होऊनही ती चाचणी चालूच राहिली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरलं जाईल.

आता पुन्हा लखनौ. तिथे काहीच नाही असं नाही. हिंसा सोसलेल्या स्त्रियांना एकाच ठिकाणी मदत देणारी केंद्र सरकारची ‘सखी’ योजना २०१५ ची. तिची केंद्रं रुग्णालयाच्या आवारात किंवा जवळपास असावीत असं ठरलं. उत्तर प्रदेशाने २०१६ मध्ये १८१ ही हेल्पलाइन आणि तिच्या जोडीला आशा ज्योती केंद्रं सुरू केली. लखनौचं केंद्र कानपूर रोडवरच्या लोकबंधू रुग्णालयात उघडलं, निशातगंजपासून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. २०२० मध्ये हेल्पलाइनवरच्या कंत्राटी बायकांचे पगार महिनोन्‌महिने थकले, मग नोकऱ्याही गेल्या. दुसऱ्या बायकांचं रडणं ऐकून घेणाऱ्या याच बायका.

वांद्र्याचं केंद्र वीस वर्षांनंतरही उभं राहिलं, याचं कारण मला नोकऱ्यांच्या याच प्रश्नात दिसतं. संस्थेचा प्रकल्प संपला तेव्हा महापालिकेने ते रुग्णालयाचा विभाग म्हणून चालवायला घेतलं. क्ष-किरण विभाग निधी संपला म्हणून बंद होत नाही. मुंबईतल्या नव्या केंद्रांची पदं मात्र अभियानाच्या निधीवर आहेत, आणि अभियानातली नोकरी म्हणजे कंत्राट. म्हणून मागणी नेमकी करायला हवी. जिल्हा आणि महापालिका रुग्णालयांच्या मंजूर पदांच्या यादीत समुपदेशकाचं कायम पद, कॅज्युअल्टीला लागून दार बंद होणारी एक खोली, आणि वैद्यकीय व नर्सिंग अभ्यासक्रमात या विषयावर परीक्षेत विचारला जाणारा प्रश्न. यातलं एकही काम यंत्रसामग्रीअभावी अडलेलं नाही. निशातगंजच्या बाईला त्यासाठी शहर ओलांडावं लागू नये. ज्या खिडकीवर तिने सकाळी केसपेपर काढला, तिथून ती खोली वीस पावलांवर असली पाहिजे.